दुभाष्याचं स्वतःचं म्हणणं

दुभाषी खटला जिंकला. घर त्याचंच, असं न्यायाधीशबाईंनी भर कोर्टात खणखणीत आवाजात सांगितलं, त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांनी दावा लावला त्या सख्ख्या काकांनीही उभं राहून ‘घे’ म्हणून टाकलं.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही. कोर्टात जाऊन विचारलंत तर शिरस्तेदार चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघतील आणि म्हणतील, “कुठला निकाल?” बरं, ते खोटंही बोलत नसतील. सगळा वैताग तिथेच आहे. म्हणून जे घडलंच नाही ते मुळापासून सांगायला हवं.

साहेबांचं राज्य होतं तेव्हा साहेब समुद्रापलीकडून आलेले असत. त्यांना इथलं बोलणं कळत नसे, आणि त्यांचं बोलणं कळून घ्यायची इथे कुणाला हौस नव्हती. म्हणून कोर्टात एक दुभाषी नेमला गेला. तो म्हणजे आपल्या दुभाष्याचा बाप. साहेब नियमांचे मोठे भोक्ते. त्यांनी नियम केला की कोर्टात दुभाष्याच्या तोंडून येईल तेवढंच बोललं गेलं असं धरावं. बाकी सगळा ‘नुसता आवाज’. दुसरा नियम असा, की दुभाष्याने एकदा सांगितलेलं परत घेऊ नये. आणि तिसरा, दुभाष्याने स्वतःचं म्हणणं स्वतः सांगू नये, कारण एकाच माणसाने दोन्हीकडून बोलणं साहेबांना लबाडीचं वाटे.

पुढे साहेब गेले. झेंडा बदलला. चौकातला पुतळासुद्धा बदलला, म्हणजे घोडा तोच ठेवून वरचा माणूस बदलला. नियम मात्र तसेच राहिले, कारण ते बदलायचं काम नक्की कुणाचं, हे ठरवायला जी बैठक बोलवायची होती ती कुणी बोलवायची हे ठरलं नव्हतं.

त्यामुळे आता न्यायाधीश इथलेच, साक्षीदार इथलेच, दोघांची शाळा एक, दोघांना मारणारे मास्तरही एकच, आणि तरी मध्ये दुभाषी उभा. साक्षीदार म्हणे, “ह्याने माझ्या अंगणात खिडकी उघडली.” न्यायाधीश समोर बघत बसत, जसं काही झाडावर कावळा ओरडला. मग दुभाषी आपल्या लाकडी चौथऱ्यावरून, त्याच भाषेत, म्हणे, “साक्षीदार म्हणतो, की ह्याने त्याच्या अंगणात खिडकी उघडली.”

“असं होय!” न्यायाधीश दचकून म्हणत, आणि शिरस्तेदार लिहून घेत.

आता कुणी म्हणेल, हे काय काम झालं का? एक पोपट पाळला असता तरी भागलं असतं. खरंच, गावात त्याला पोपटच म्हणत. पण पोपटापेक्षा तो एका बाबतीत वरचढ होता. बापाने त्याला चौथऱ्यावर उभं करताना एकच विद्या दिली होती. बाप म्हणाला होता, “शिवी आणि थुंकी कोर्टाच्या उंबऱ्याबाहेर. माणूस काय ओरडला ते सांगायचं नाही. तो शांत झाल्यावर काय म्हणाला असता, ते सांगायचं.”

दुभाष्याने ही विद्या इतकी घोटली होती, की ती आता त्याच्या हातात नव्हती, जिभेतच मुरली होती. “ह्या रेड्याच्या डोक्यात शेण भरलंय!” असं कुणी ओरडलं, की दुभाष्याच्या तोंडून आपोआप निघे, “प्रतिवादीच्या विचारशक्तीबद्दल साक्षीदाराचं मत अनुकूल नाही.” “तुझा मुडदा पाडीन!” याचं होई, “वादी प्रतिवादीला पुन्हा भेटण्यास उत्सुक आहे.” भांडायला आलेली माणसं स्वतःचं इतकं सभ्य बोलणं ऐकून ओशाळत, आणि अर्धे खटले तिथेच मिटत. बायको म्हणायची, “तुमच्यासमोर भांडायचीसुद्धा सोय नाही. मी ‘नको झालंय मला’ म्हटलं की तुम्ही म्हणता, ‘म्हणजे तू थोडी दमली आहेस.’”

“दमलीच आहेस ना?”

“नाही! नको झालंय!”

तर हा दुभाषी. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे आणि शिवून झालेले, न नेलेले शाळेचे गणवेश. मागच्या खोलीत दुभाष्याचा बाप शेवटची काही वर्षं खाटेवर होता, आणि तिथेच गेला. तो गेल्यावर दिवस जरा सरले, तोच काकांनी दावा लावला.

काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. चौकात त्यांचं मोबाइलचं दुकान. डोक्यावर काळा चष्मा, डोळ्यांवर कधीच नाही. खिशात दोन फोन, आणि दोन्हीवर ते एकाच वेळी ‘हॅलो’ म्हणत. काकांनी आयुष्यात कुठलीही जुनी वस्तू बाळगली नव्हती, जुनी मोटारसायकलसुद्धा नाही. पण भाऊ गेल्यावर त्यांना एकदम परंपरा आठवली.

“आपल्या वाडवडिलांपासून रीत आहे,” ते म्हणाले. “भावाचं घर भावाकडे जातं. पोरगा आपलं नवं बांधतो. ही साहेबांनी आणलेली फॅडं आहेत, बापाचं मुलाला वगैरे.”

“काका, तुम्ही तिथे गोडाऊन करणार आहात,” दुभाष्याची बायको म्हणाली. “फोनच्या कव्हरांचं.”

“परंपरेच्या आड मी येणार नाही. कव्हरं आपोआप येतील.”

हे बोलणं काकांच्या दुकानात झालं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. ते दुभाष्याच्याच घरी, पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर, चहा पिताना झालं. काका पूर्वीपासून रोज सकाळी चहाला येत. दावा लावल्यावरही येत राहिले. “खटला कोर्टात,” ते म्हणत, “घरात आपण घरचेच की!” आणि साखर कमी पडली म्हणून कप परत करत.

अशी सगळी उलटी गंगा. ज्याचं पोट जुन्या नियमावर चालतं तो दुभाषी नव्या कायद्याकडे डोळे लावून बसलेला, आणि मोबाइलवाले काका परंपरेची पालखी खांद्यावर घेऊन धावताहेत.

पहिल्या तारखेला काकांनी स्वतःच बाजू मांडली. दुभाषी प्रतिवादी होता, पण कोर्टात दुभाषी एकच. तेव्हा तो चौथऱ्यावर उभा राहिला आणि स्वतःवरचे आरोप स्वतःच सांगू लागला. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि चावायचंही आपणच.

“माझा पुतण्या आप्पलपोटा आहे!” काका म्हणाले.

दुभाष्याने घसा साफ केला. “वादी म्हणतात, की त्यांचा पुतण्या, म्हणजे सध्या जो बोलतो आहे तो, स्वतःच्या गरजांबाबत जागरूक आहे.”

“जोरात म्हण!”

“वादी म्हणतात, की जोरात म्हण.”

“त्याने माझ्या भावाचे कान भरले!”

“पुतण्या वडिलांशी वेळोवेळी बोलत असे.”

शिरस्तेदारांनी लिहून घेतलं. न्यायाधीशबाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्या नव्याच आल्या होत्या. वयाने तरुण, मोठ्या शहरात शिकलेल्या, आणि आल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं की या कोर्टातला वेडेपणा महिन्याभरात बंद होईल. शिरस्तेदारांनी तेव्हा मान डोलावली होती. त्यांनी असे बरेच महिने पाहिले होते. बाईंच्या आधीच्या तीन साहेबांना आणि साहेबांनंतरच्या कितीतरी न्यायाधीशांना त्यांनी अशीच मान डोलावून निरोप दिला होता.

“प्रतिवादी,” बाई म्हणाल्या, “आता तुमचं म्हणणं सांगा.”

दुभाषी चौथऱ्यावरून उतरला, पिंजऱ्यात गेला, कठड्याला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, “घर माझं आहे.”

शिरस्तेदारांचं पेन हवेत. सगळे चौथऱ्याकडे बघू लागले. चौथरा रिकामा.

दुभाष्याच्या लक्षात आलं. तो लगबगीने पिंजऱ्यातून उतरला, चौथऱ्यावर चढला आणि तोंड उघडलं.

“थांबा!” शिरस्तेदार म्हणाले. “दुभाष्याने स्वतःचं म्हणणं स्वतः सांगू नये. नियम तिसरा.”

“मग माझं म्हणणं कोण सांगणार?”

“दुभाषी.”

“दुभाषी मीच.”

“तेच तर म्हणतोय. तुम्हाला बंदी आहे.”

“अहो शिरस्तेदार,” बाई पुढे झुकून म्हणाल्या, “ते काय म्हणाले ते मी ऐकलंय. ‘घर माझं आहे.’ माझे कान शाबूत आहेत.”

“आवाज ऐकलात, बाईसाहेब,” शिरस्तेदार अदबीने म्हणाले. “म्हणणं अजून यायचंय.”

त्या दिवशी बाईंनी राजधानीला पत्र लिहिलं, की दुभाष्याचं पद रद्द करावं, कारण इथे आता दोन भाषाच नाहीत. पत्र न्यायखात्याकडे गेलं. न्यायखात्याला ते आपलं वाटलं नाही, म्हणून त्यांनी परंपरा जतन खात्याकडे ढकललं. आणि काही दिवसांनी राजधानीहून उत्तराऐवजी दोन माणसं आली, हातात ड्रिल मशीन आणि पितळी पाटी. त्यांनी चौथऱ्यामागच्या भिंतीला भोकं पाडून पाटी ठोकली. तिच्यावर कोरलं होतं, की बोललेलं पुन्हा बोलून दाखवण्याची ही प्रथा आपल्या मातीत अनादी काळापासून चालत आलेली असून परक्यांना ती कधीच कळली नाही. तिला धक्का लावणं हा गुन्हा समजला जाईल.

“अहो, ही परक्यांनीच सुरू केली!” बाई ओरडल्या.

ड्रिलवाला म्हणाला, “मॅडम, आम्ही फक्त भोकं पाडतो.”

त्यानंतर शाळेच्या सहली कोर्टात येऊ लागल्या. मुलं रांगेत बसून बघत, साक्षीदार एकदा बोलतो, मग दुभाषी तेच बोलतो. बाहेर पडताना त्यांना निबंध लिहायला सांगत, ‘आपला थोर वारसा’. दुभाष्याच्या शेजारी उभं राहून लोक फोटो काढत. काकांनी तर दुकानात तसा फोटो लावला, मोठा करून, खाली ‘माझा पुतण्या’.

“दावा मागे घ्या मग,” दुभाष्याची बायको म्हणाली.

“ते वेगळं, हे वेगळं,” काका म्हणाले. “साखर कमी आहे गं.”

घरात रोज संध्याकाळी मसलत बसे. बायको मशीन चालवत बोले, आणि पायडल ज्या वेगाने हले त्यावरून तिचा पारा कळे.

“रजा काढा तुम्ही.”

“मी रजेवर गेलो की कोर्ट बसत नाही. दुभाषी नाही म्हणून.”

“मग बदली माणूस ठेवा.”

“बापाच्या जागी मुलगा आला तर चालतं, पण बाहेरच्या बदली दुभाष्याला परीक्षा असते. साहेबांच्या भाषेतून आपल्या भाषेत आणून दाखवावं लागतं.”

“मग द्यावी कुणीतरी.”

“परीक्षा साहेबाने घ्यायची असते. शेवटचा साहेब बोटीत बसला तेव्हा मी चड्डीत होतो.”

पायडल जोरात. “नोकरी सोडा!”

“नवा दुभाषी येईपर्यंत सोडता येत नाही.”

“आणि नवा दुभाषी?”

“परीक्षा.”

“आजारी पडा!”

“तारीख पुढे जाते.”

“मग मरा!”

“मेलो तर घर काकांचं.”

मशीन थांबलं. बायकोने दातांनी दोरा तोडला. “अहो,” ती म्हणाली, “गावातल्या प्रत्येक भांडखोराचं म्हणणं तुम्ही लोण्यात घोळून कोर्टाला भरवता. आणि आपलं घर जाताना तुमच्या तोंडाला कुलूप. याला काय म्हणतात माहितीय?”

“म्हणजे तू थोडी…”

“दमले म्हणालात तर कात्री फेकून मारीन.”

तो गणवेशांच्या घड्या घालू लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे दाबणारा हातही स्वतःचाच.

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाई आल्या त्याच मुळी दात-ओठ खात. सहलीची मुलं त्यांनी आधी बाहेर काढली. दार लावून घेतलं. पंखा कुरकुरत होता, तो बंद करायला लावला. मग त्या म्हणाल्या, “नोंदीचं काय ते नंतर बघू. प्रतिवादी, पिंजऱ्यात या. बोला. मला ऐकायचंय.”

“हे ‘नुसता आवाज’ म्हणून धरलं जाईल,” शिरस्तेदारांनी आठवण करून दिली आणि पेनाला टोपण लावलं.

“धरा! मला आवाज ऐकायचाय.”

दुभाषी पिंजऱ्यात उभा राहिला. मागच्या बाकावर बायको, कडेला काका. काकांनी दोन्ही फोन बंद केले होते. कुणीच मध्ये नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आधी कुणी बोललं नव्हतं, आणि त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

“प्रतिवादी म्हणतो, की…” तो म्हणाला.

“तुम्ही म्हणा,” बाई म्हणाल्या.

“मी म्हणतो, की…” तो पुन्हा थांबला. कठड्यावरचा रंगाचा टवका नखाने काढत राहिला. “बाबांनी मला घर दिलं, असं मी म्हणू शकत नाही, बाईसाहेब. ते खोटं होईल.”

मागून बायकोचा सुस्कारा आला. तो अनुकूल नव्हता.

“बाबा चौथऱ्यावरून उतरले ते घरी येऊन बसले. पण काम काही सुटलं नाही. रेडिओवर बातमी लागली की मागून सांगायचे. भाजीवाली ओरडली की मागून सांगायचे. आधी आम्ही हसायचो. मग खाटेला खिळले, आणि स्वतःचं असं बोलणंच राहिलं नाही. मी विचारायचो, ‘बाबा, पाणी हवं?’ ते म्हणायचे, ‘पाणी हवं?’ आता हवं की नको, हे मला कसं कळणार? मी प्यालाभर आणायचो. पीत. कधी नाही पीत. ‘पाय दुखतात का?’ ‘पाय दुखतात का?’ मी दाबत बसायचो. दुखत असतील म्हणून.”

काका बंद फोन हातात फिरवत राहिले.

“एकदा मी विचारलं. म्हणजे, विचारायचं नव्हतं, पण कुणीतरी विचारायला हवं होतं. म्हटलं, ‘बाबा, हे घर कुणाला?’ माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी. एवढं नीट खूप दिवसांत बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगतील. आणि म्हणाले, ‘हे घर कुणाला?’” त्याने टवका खाली टाकला. “मी ‘बघू’ म्हटलं. ते ‘बघू’ म्हणाले. तेवढंच. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनातलं सांगितलं, बाईसाहेब, आणि ज्याच्या उशाशी बसलो होतो त्याचं मला कळलं नाही. पण बसलो होतो मीच. पाणी आणायचो ते त्याच मागच्या खोलीत. आणि ही पुढच्या खोलीत शिवायची, त्या मशीनच्या आवाजावर त्यांना झोप लागायची. मशीन बंद पडलं की जागे व्हायचे. एवढंच त्यांचं स्वतःचं होतं. ती खोली रिकामी करून तिथे कव्हरं नकोत मला. बास. एवढंच आहे माझं.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

आणि तेवढ्यात कडेला खुर्ची सरकली. काका उभे राहिले होते. चेहरा लाल, डोळे ओले, गळ्याच्या शिरा ताठ.

“पुरे!” ते गरजले. “मला नको सांगूस! मी यायचो ना बघायला? मी म्हणायचो, ‘दादा, ओळखलंस का?’ तो म्हणायचा, ‘दादा, ओळखलंस का?’ मलाच दादा म्हणायचा तो! माझा थोरला भाऊ! मी बाहेर येऊन तुझ्या दारात रडायचो, ते हिला विचार!” त्यांनी डोक्यावरचा काळा चष्मा काढून बाकावर आपटला. “घे! घे ते भिकारडं खुराडं! भिंतीला हात लावला तर हातात येते, आणि त्याच्यासाठी मी दादाच्या पोराशी भांडतोय! डोक्यावर घेऊन नाच ते खुराडं! मला नको!”

“झालं!” न्यायाधीशबाई ताडकन उभ्या राहिल्या. “वादीने हक्क सोडला. घर पुतण्याचं. लिहा!”

बायकोने टाळ्या वाजवल्या. बंद दाराबाहेरून सहलीच्या मुलांनीही वाजवल्या, कशाला ते न कळता.

शिरस्तेदारांनी टोपण काढलं. पण लिहिलं नाही. “बाईसाहेब, वादी बोलले. दुभाष्याने अजून सांगितलेलं नाही.”

आणि खरंच की! हे तर सांगता येत होतं. हे त्याचं स्वतःचं म्हणणं नव्हतं, काकांचं होतं. नियम तिसरा आडवा येत नव्हता. नियम पहिला तर हात जोडून उभा होता. एक वाक्य, फक्त एक, आणि घर त्याचं.

“सांगा, दुभाषी,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात या गावात आल्यापासून पहिल्यांदा आनंद होता.

“सांगा ना!” बायको म्हणाली.

दुभाषी पिंजऱ्यातून उतरला. डोळे भरलेले. चौथऱ्यावर चढला. बापाच्या पायांनी आणि मग त्याच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या त्या दोन खळग्यांत त्याचे पाय आपोआप बसले. पाय बसले तशी पाठ ताठ झाली. पाठ ताठ झाली तसा घसा साफ झाला. आणि इतकी वर्षं घोटलेली ती विद्या, कुणी हाक न मारता, जिभेवर येऊन उभी राहिली.

“वादीच्या मते,” दुभाषी शांत, सभ्य, गोड आवाजात म्हणाला, “सदर घराची अवस्था समाधानकारक नाही.”

शिरस्तेदारांनी लिहून घेतलं.

कोर्टात असा शुकशुकाट पसरला की बंद असलेला पंखासुद्धा ऐकू आला. दुभाष्याने आपण काय बोललो ते ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरू लागला.

“नाही! नाही, ते ‘घे’ म्हणाले! ‘मला नको’ म्हणाले!”

“दुभाष्याने एकदा सांगितलेलं परत घेऊ नये,” शिरस्तेदार म्हणाले. “नियम दुसरा.”

“अरे गाढवा!” काका ओरडले. “मी तुला घर दिलं आणि तू त्याची डागडुजी सांगतोस?”

दुभाष्याने जीभ दातांखाली दाबून धरली. तरी ती आत वळवळतच होती.

“मी ऐकलंय! सगळ्यांनी ऐकलंय!” न्यायाधीशबाईंनी टेबलावर हात आपटला, मग दुसरा आपटला, मग खाली बसल्या. शिरस्तेदारांनी नोंद त्यांच्यापुढे सरकवली. नोंदीत एकच वाक्य होतं. त्यावरून निकाल देता येत नव्हता. देता येत होता तो एकच हुकूम, आणि त्यांनी तो रडवेल्या आवाजात दिला. घराच्या अवस्थेची पाहणी व्हावी. तोपर्यंत तारीख पुढे.

बायको घरी येऊन मशीनवर बसली. पायडल इतकं हळू हलत होतं की ते रागापलीकडचं काहीतरी होतं. मग म्हणाली, “मला काहीच वाटत नाहीये.”

“म्हणजे…” दुभाषी म्हणाला, आणि या वेळी पुढचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका चहाला आले. स्टुलावर बसले. चष्मा पुन्हा डोक्यावर, एक काच तडकलेली.

“काका,” दुभाषी त्यांच्यासमोर उकिडवा बसला, “पुढच्या तारखेला तेवढं परत म्हणा. मी या वेळी नीट सांगतो. शब्दाला शब्द. खुराडं तर खुराडं.”

काकांनी कप खाली ठेवला.

“पोपटा,” ते म्हणाले, आणि आवाज नेहमीसारखा नव्हता, “माणूस तसं एकदा बोलतो रे. भर कोर्टात रडलो मी. शिरस्तेदार बघत होते. आता ठरवून, तारीख बघून, इस्त्रीचा शर्ट घालून परत रडू? परत म्हणायला जाईन तर तोंडातून परंपराच येईल. मला माहितीय ना मी कसा आहे.”

“मग दावा तरी मागे घ्या.”

“तेही बोलूनच घ्यावं लागतं. आणि सांगणार तूच.” ते उठले. दारात थांबले, मागच्या खोलीकडे बघितलं, आणि भिंतीला हात लावला. गिलाव्याचा एक पापुद्रा हातात आला. तो त्यांनी खिशात टाकला, का ते त्यांनाच ठाऊक. “समाधानकारक नाही,” ते म्हणाले. “बरोबरच सांगितलंस म्हणा.”

ते गेल्यावर बायकोने गणवेशांचा गठ्ठा बाजूला सारला, कोरा कागद घेतला आणि म्हणाली, “सांगा. मी लिहिते. आणि यात लोणी लावलंत तर बघा.” तो सांगू लागला, ती लिहू लागली. दोनदा तिने खोडलं, कारण त्याने ‘दुभाषी म्हणतो की’ असं सुरू केलं होतं. अर्ज कोर्टात दाखल झाला. शिरस्तेदारांनी त्यावर शिक्का मारला, आणि तो ज्या कपाटात ठेवायचा त्याची किल्ली शोधण्याबद्दल वर कळवलं. अर्ज असा:

‘मा. न्यायालयास नम्र विनंती, की अर्जदार हा या न्यायालयाचा दुभाषी असून त्यास स्वतःचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने मांडण्याची परवानगी एका दिवसापुरती मिळावी. एक दिवस शक्य नसल्यास एका वाक्यापुरती मिळावी. तेही नियमात बसत नसल्यास, अर्जदाराच्या तोंडून निघणारा नुसता आवाज निदान त्याच्याच घरात, पुढच्या खोलीपुरता, म्हणणं म्हणून धरण्यात यावा. सदर विनंती अर्जदार नेमल्या तारखेस समक्ष व तोंडी सादर करील, नियमाप्रमाणे दुभाष्यामार्फत.’